अक्का, चंद्री अजून ढिगाऱ्याखालीच आहे

प्रिय अक्का,

नमस्कार कुठे पोचवायचा ते माहीत नाही, तरी करतो. अक्षर बघू नकोस. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. तू असतीस तर लाल पेन्सिल घेऊनच बसली असतीस.

आज सकाळी शेवंतावहिनी दूध घालायला आल्या आणि दारातच म्हणाल्या, "बाळूदादा, म्हशी इकल्या, शनवारी न्हेत्याल. रविवारी जाते मी लेकीकडं, शेलूला. आता तिथंच."

मी भांडं पुढे धरलं. त्यांनी दूध ओतलं, पदराला हात पुसले आणि विचारलं, "येवडं सांगा, माझी चंद्री जगली का मेली?"

मी म्हटलं, "बघू."

"पावसाच्या आधीपासनं बगताय. जगली आसंल तर दर गुरवारी येईन मी. गाडीनं कर्जत, तिथनं यष्टीनं कडाव. मेली आसंल तर कशाला उगा यायचं?"

एवढं बोलून त्या गेल्या. शेजारचा पोरगा ऐकत होता. त्याला वाटलं, म्हशींपैकी एखादी आजारी असणार. मी काही सांगायला गेलो नाही. काय सांगणार? चंद्री नावाची म्हैस त्यांच्याकडे होती हे खरं, पण आपली चंद्री धनुष्य घेऊन फिरते, आणि ती काळ्या डोंगरातल्या किल्ल्यात दगडांखाली पडली आहे, असं?

परवा गुरुवार आहे, अक्का. म्हणून लिहायला बसलो. दूध तापवलं, उतू गेलं, चूल पुसली, दाराची कडी दोनदा बघितली, आणि मग बसलो.

तू अशी अर्धवट ठेवून का गेलीस? बाकी तुझं एकही काम कधी अर्धवट नसायचं. खालापूरच्या शाळेतून निवृत्त झालीस तेव्हा टेबलाचा खण पुसून, खडू मोजून देऊन आलीस, हे तूच मला सांगितलं होतंस. आणि इथे मात्र मंगळवारी दुपारी जेवून चटईवर पडलीस ती उठलीच नाहीस.

मला आठवतं, त्याच सकाळी तू तांदूळ निवडताना एकटीच हसलीस. मी म्हटलं, "काय गं?" तू म्हणालीस, "सापडलं रे. मौन आणि हाक. गुरुवारी सांगते." मी विचारलंसुद्धा नाही काय सापडलं ते. वाटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. लिहून ठेवायची तुला सवयच नव्हती. सगळं डोक्यात.

तो खोका आला तो दिवस आठवतो का? तुझा कुणी जुना विद्यार्थी परदेशी गेला होता, त्याने पाठवलेला. मला वाटलं मिठाई असेल. आत इंग्रजी पुस्तक आणि कसले कसले फासे. दगडू दुकान बंद करून आला होता. वीस तोंडांचा तो फासा त्याने दोन बोटांत धरून उजेडात बघितला. "अक्का, ह्यो फासा हाय का करवंद?"

"फासाच आहे. चावू नकोस."

मग तू समजावून सांगायला लागलीस. यात सोंगट्या नाहीत, पट नाही. मी गोष्ट सांगणार, तुम्ही त्या गोष्टीतली माणसं. मी म्हणणार, समोर नदी आहे. तुम्ही म्हणणार, आम्ही अमुक करतो. जमलं की नाही ते फासा सांगणार.

दगडूने विचारलं, "जिकतं कोन?"

"कुणी नाही."

"मग खेळायचं कशाला?"

"पुढं काय होतं ते बघायला. तू दुकानात बसून दुसरं काय करतोस?"

दगडूने लगेच आपलं नाव दगडूसिंग ठेवलं. शेवंतावहिनी नुसत्या दूध घालायला आल्या होत्या, त्या उंबऱ्यावर टेकल्या आणि चंद्री होऊन गेल्या. मला नाव सुचेना. तासभर सुचेना. शेवटी तूच नीलांबर ठेवलंस. मी ते पुढे महिनाभर विसरत होतो.

तुला तेव्हा मी विचारलं नाही, आता विचारतो. तू तो खेळ माझ्यासाठी मांडलास ना? ही गेल्यानंतर मी कुणाशी बोलत नव्हतो. गिरणीतलं काम सुटलं होतं, मुलगा पुण्याला. तू राहायला आलीस तेव्हा आपण दोघं बहीणभाऊ समोरासमोर बसून जेवायचो आणि ताटातलं संपेपर्यंत मी एक शब्द बोलायचो नाही. मग गुरुवारची दुपार आली. ओटीवर चटई, मधे तुझी पाटी, पाटीवर खडूने काढलेला डोंगर, आणि फासा हलवायला दगडूच्या दुकानातलं धान्य मापायचं चिपटं. त्या दुपारी मी बोलायचो. स्वतःचं नाही, नीलांबरचं. पण बोलायचो.

दगडू आणि मी, दोघेही मांत्रिक झालो तिथेच भांडणाची पेरणी झाली. त्याचे मंत्र सगळे जोराचे. आग, वीज, हाक. माझे सगळे सांभाळून असायचे. पाऊस, धुकं, मौन. तू एकदा म्हणालीही होतीस, "बाळू, तुझा मांत्रिक घरातच का नाही बसत?"

लांडग्यांची गुहा मला अजून दिसते. मी पाऊस पाडून ठेवला होता आणि दगडूने आगीचा मंत्र टाकला. दगडू म्हणाला, "मंत्राची आग हाय ती, पावसानं इझत नाय." मी म्हटलं, "माझा पाऊसही मंत्राचाच आहे." दोघेही गुडघ्यांवर उभे. तू फासा चिपट्याखाली झाकून ठेवलास आणि विचारलंस, "दगडू, आगीतून तुला नेमकं काय हवंय?"

"लांडगं पळाया पायजेत."

"आणि बाळू, पावसातून तुला?"

मी म्हटलं, गुहेच्या तोंडाशी गवतात चंद्री लपली आहे, ती जळू नये.

"मग भांडण कुठंय?" म्हणालीस. "ओलं गवत पेटत नाही, धुमसतं. गुहेत धूर भरला. लांडगे पळाले. चंद्री जळली नाही. पण आता तुम्हाला तिघांनाही वाट दिसत नाही. सांगा, काय करता?"

दगडूने कपाळावर हात मारला. शेवंतावहिनी पदर तोंडाला लावून खरंच खोकल्या.

तेव्हा तू आपल्या आबांच्या खाचरांची गोष्ट काढलीस. वरच्याने पाणी अडवलं म्हणून खालच्याचं भात मरू द्यायचं नाही, आणि खालच्यासाठी वरच्याचा बांधही फोडायचा नाही. बांधाला हातभर खाच पाडायची. दोघांचं थोडं राहतं, दोघांचं थोडं जातं. मंत्रांचंही तसंच, म्हणालीस. ज्याने मंत्र म्हटला त्याचा शब्द फुकट जाऊ द्यायचा नाही. मात्र फुकट कुणाला काही द्यायचंही नाही.

आणि ती झोपेची चेटकीण? तिने झोप पाडली, शेवंतावहिनींच्या गळ्यात जागं ठेवणारा ताईत. तू ठरवलंस, अंग झोपलं, डोळे उघडे. वहिनी म्हणाल्या, "म्हंजे माजी सासू." त्या दिवशी खेळ पुढे गेलाच नाही. मी तसा हसलो नव्हतो कित्येक वर्षांत.

आता शेवटच्या गुरुवारचं लिहितो. तुला माहीत आहे, तरी लिहितो, म्हणजे मी काही चुकीचं धरून बसलो असेन तर माझं मलाच दिसेल.

किल्ल्याच्या आत भिंतीपलीकडे राक्षस झोपलेला. चंद्री किल्ली आणायला पुढे गेली आणि छत कोसळलं. ती दगडांखाली, बेशुद्ध. मी घाबरलो आणि लगेच मौनाचा मंत्र टाकला. त्या वर्तुळात कसलाच आवाज उठणार नाही, म्हणजे राक्षस जागा होणार नाही. त्याच दमात दगडूने हाकेचा मंत्र टाकला. ज्याच्या नावाने हाक मारली त्याला ती पोचतेच, सात डोंगर आड असला तरी, आणि तो शुद्धीवर येतो. मी म्हटलं, माझ्या मौनात हाक उठतच नाही. तो म्हणाला, हाकेला कुणी अडवू शकत नाही. दोघांचंही पुस्तकाप्रमाणे बरोबर. तू म्हणालीस, "हे कठीण आहे. विचार करून सांगते. चंद्रीला तोवर काही होणार नाही."

शेवंतावहिनी म्हणाल्या, "लवकर करा गं अक्का, वर दगूड हाय."

त्यानंतर तूच गेलीस.

तेराव्यानंतर दोन गुरुवार दगडू आला. ओटीवर बसायचो, पाटी भिंतीला टेकवलेली असायची, तिला कुणी हात लावत नव्हतं. मग तो म्हणाला, देवीला कौल लावू. मला ते पटलं नाही, पण नाही म्हणायचीही भीती वाटली. गेलो देवळात. गुरवाने विचारलं, "कौल कशाचा?"

दगडू म्हणाला, "एक बाई ढिगाऱ्याखाली गावलीय. तिला हाक पोचंल का नाय, ते इचारायचंय."

गुरव ताडकन उठला. "कुटं? कोनाची बाई? आरं, मग कौल काय लावताय, पहारी घेऊन चला की!" तो उघड्या अंगानेच पायऱ्या उतरायला लागला. त्याला हाताला धरून परत बसवावं लागलं. सगळं ऐकल्यावर त्याने आमच्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती तुला आवडली असती. तरी त्याने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं लावली. "उजवी बाजू कोनाची?"

"माझी," मी म्हटलं.

"माझी," दगडू म्हणाला.

गुरवाने दोन्ही फुलं काढून घेतली. "आदी घरी जाऊन भांडा. देवीला दुसरी कामं हायेत."

मग मी ते इंग्रजी पुस्तक घेऊन कळंबला गेलो. तिथे शाळेत नवा मास्तर आला आहे, भला पोरगा. दगडूही बरोबर होता, माझ्यावर विश्वास नाही म्हणून. मास्तराने मौनाचं पान वाचलं, हाकेचं पान वाचलं, मागे पुढे चाळलं. मग एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाला, "आहे इथे. दोन मंत्रांचा मेळ बसत नसेल तर खेळ चालवणाऱ्याने ठरवावं." आणि विचारलं, "तुमच्यात खेळ कोण चालवतं?"

मी दगडूकडे बघितलं. दगडूने माझ्याकडे. मास्तराने पुस्तक मिटून परत दिलं.

परतताना एसटीत दगडू बोलला ते मला लागलं, अक्का. "मौन मौन करत बसलास. तुझ्या त्या मौनानंच मारली तिला." उतरलो तेव्हा तो त्याच्या वाटेने गेला. तेव्हापासून ओटीवर आला नाही. मी तेलमीठसुद्धा स्टेशनजवळच्या दुकानातून आणायला लागलो. उगाच कर्जतपर्यंत.

गुरुवारी दुपारी मी चटई घालत होतो, तेही बंद केलं. रेडिओ लावतो. आवाज मोठा केला की शेजारी ओरडतात, लहान केला की मला ऐकू येत नाही. जेवताना समोरच्या भिंतीवर पाल असते. तिच्याशी बोलायची वेळ आली की काय, अशी भीती वाटते कधी कधी. पत्रात हे लिहायचं नव्हतं.

आज शेवंतावहिनी गेल्यावर मी घरात टिकलो नाही. दगडूच्या दुकानात गेलो. तो गूळ फोडत होता. मान वर न करता म्हणाला, "काय पायजे?"

"काही नको."

"मग हितं कशाला?"

"एक विचारायचंय. तू हाक मारलीस, तेव्हा तुला नेमकं काय हवं होतं?"

हातोडी थांबली. "अक्कासारकं बोलू नको रं."

"सांग ना."

"शुद्धीवर याया पायजे होती ती."

"ते मंत्रातच आहे. तुला काय हवं होतं?"

त्याने हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, "अंधारात पडलीया ती. आमी पळालो नाय, हितंच हाये, येवडं तिला कळावं. बास." आणि एकदम, "शेवंतावहिनी जातीया म्हनं?"

"रविवारी."

"हं." मग त्याने विचारलं, "आन तुला? तुझ्या त्या मौनातनं?"

"राक्षस उठू नये."

"आनखी?"

"आणखी काही नाही. मला भीती वाटली."

"ते समद्या गावाला ठावं हाय," तो म्हणाला, आणि गुळाचा एक खडा माझ्या हातावर ठेवला. मी तो तिथेच उभा राहून खाल्ला.

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. त्याला हवं होतं तिला कळावं. मला हवं होतं राक्षसाने ऐकू नये. मग भांडण कुठंय?

मी असं ठरवलंय, अक्का. ऐक आणि रागावू नकोस. मौन राहील. कसलाही आवाज उठणार नाही. पण हाकही पोचेल. कानाने नाही. दगडांमधून थरथर जाते ना, मालगाडी लांब असली तरी रुळाला हात लावला की कळते, तशी चंद्रीच्या तळव्याला कळेल. कुणीतरी नाव घेतलं. ती शुद्धीवर येईल. एवढं दोघांचं राहिलं.

आता जाणार काय? दगडूसिंगाला उत्तर मिळणार नाही. चंद्रीने ओ दिली तरी ती ओ मौनातून बाहेर येणार नाही. हाक लागली की वाया गेली, हे त्याला कधीच कळायचं नाही. त्याला न कळताच दगड उपसायला लागायचं. आणि नीलांबराचं जाणार ते असं की मौन टिकवायचं तर त्याला वर्तुळात, म्हणजे ढिगाऱ्यातच, शिरावं लागेल. बाहेर उभं राहून मंत्र चालणार नाही. हे वाक्य मी एकदा खोडलं आणि परत लिहिलं. पण फुकट कुणाला काही द्यायचं नाही, हे तुझंच.

उत्तर आलं नाही म्हणजे पोचलंच नाही, असं नसतं. हे मला आत्ता लिहिताना सुचलं. तुला सापडलं होतं ते हेच का? की काही वेगळं, याहून चांगलं? आता कुणाला विचारू?

पुढची काळजी फाशाची आहे. चंद्री शुद्धीवर आली तरी दगड सरकवायला तिला फासा टाकावा लागणार. वीसपैकी बारा तरी पडायला हवेत. तू एवढेच मागितले असतेस, कमी नाही. आणि नाही पडले तर? मघाशी माझ्या मनात आलं की चिपटं मी उचलावं, आत बघावं आणि म्हणावं, सतरा. कोण बघतंय? शेवंतावहिनी दर गुरुवारी येतील. दगडू येईल. तेवढ्याने कुणाचं काय बिघडणार?

मग आठवलं, एकदा दगडूने फासा बोटाने वळवला होता. तू ओरडली नाहीस. पाटी पुसलीस आणि आत जाऊन भाजी चिरायला लागलीस. तो आठवडाभर रोज येऊन उंबऱ्यात उभा राहत होता. खोटा फासा टाकून शेवंतावहिनींना शेलूहून बोलवायचं, तर त्या येतील कशाला? पुढं काय होतं ते मलाच ठाऊक असेल, मग बघायला उरलं काय?

दगडूला अजून काही सांगितलेलं नाही. त्याच्या दुकानावरून परवा सकाळी जाईन आणि म्हणेन, दुपारी ये. येईल असं वाटतं. नाही आला तर पुन्हा जाईन. शेवंतावहिनींना उद्या दूध घेतानाच सांगतो. त्या विचारतील, जगली का मेली. मी म्हणेन, ते तुमच्या हातात आहे, गुरुवारी या.

तुला वचन देतो, अक्का. परवा मी तुझ्या जागी, खांबाला टेकून बसेन. पाटी पुसून किल्ला नव्याने काढीन, वाकडातिकडा आला तरी. निर्णय सांगेन, आणि दगडू भांडला तरी फिरवणार नाही. फासा शेवंतावहिनींच्या हातात देईन, आणि तो सगळ्यांच्या मधे, उघड्यावर पडेल. पडेल तसा मोठ्याने वाचीन. आवाज कापला तर कापू दे. आणि फासा वाईट पडून चंद्री गेली, तरी खेळ मिटणार नाही. मी शेवंतावहिनींना विचारीन, "वहिनी, आता कोण होणार?"

तुझा,
बाळू